‘अल्पसंख्याक शिक्षकांचा सन्मान’ : नाशिकमधल्या एका कार्यक्रमाचे प्रकरण

जुन्या नाशकातले आणि वडाळा भागातले काही माजी विद्यार्थी, दोन निवृत्त मुख्याध्यापक आणि एका वाचनालयाचे कार्यकर्ते यांनी २०२५च्या पावसाळ्यात एक छोटी समिती केली. आपापल्या समाजात वर्षानुवर्षे शिकवत राहिलेल्या मुस्लीम, ख्रिस्ती, बौद्ध, जैन, शीख, पारशी शिक्षकांचा एकत्र सत्कार करायचा, एवढेच ठरले होते. शेवटी नऊ जणांची निवड झाली, खर्च ४२ हजारांच्या घरात गेला आणि सभागृहात १२० माणसे आली. पाहुण्यांना सगळे व्यवस्थित वाटले. प्रत्यक्षात आठ दिवस आधीपर्यंत कार्यक्रम दोनदा मोडता मोडता राहिला होता. असा कार्यक्रम करू पाहणाऱ्या कोणालाही त्याच ठेचा लागतील, म्हणून हे टिपण.

यादी

पहिली पत्रे शाळांना आणि संस्थांना गेली: आपल्याकडील एका शिक्षकाचे नाव कळवावे. एकतीस नावे आली. त्यांतली बारा संस्थाचालक, सचिव किंवा मुख्याध्यापक यांची होती, आणि त्यांच्यातले दोघे तर कधी वर्गावर उभे राहिलेले नव्हते. आणखी चार नावांमागे प्रभागातले इच्छुक होते. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली, निवडणूक तोंडावर आलेली. अशा दिवसांत मंच आणि माइक असलेला कुठलाही कार्यक्रम इच्छुकांच्या नजरेतून सुटत नाही.

यात शाळांना दोष देऊन भागत नाही. असे पत्र मुख्याध्यापकाच्या टेबलावर पडते आणि ज्याचे नाव गाळले तर वर्षभर तोंड वाकडे होईल, त्याचेच नाव तो देतो. शिवाय पुरस्कार म्हणजे फाइल हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८पासून शिक्षक स्वतःच पोर्टलवर अर्ज भरतो, सोबत छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे जोडतो. कंत्राटी शिक्षक त्याला पात्र नाहीत. म्हणजे विनाअनुदानित तुकडीवर वीस वर्षे काढलेली बाई, किंवा मदरशात गणित आणि मराठी शिकवणारा तरुण, कुठल्याच यादीत येत नाही. डॉ. झाकीर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजनेत डी.एड. झालेल्यांना महिना ६,००० आणि बी.एड. झालेल्यांना ८,००० रुपये मानधन होते; राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १६,००० आणि १८,००० केले. इतक्या कमी पैशांत टिकून राहिलेल्यांकडे फाइल कुठून असणार?

समितीने पहिली यादी बाजूला ठेवली आणि प्रश्नच बदलला. आता विचारणा माजी विद्यार्थ्यांकडे झाली: तुमची किंवा तुमच्या बहिणीची शाळा सुटण्याच्या बेतात होती, ती कोणामुळे सुटली नाही? दूध बाजारातली दुकाने, वडाळा गावातले शिवणकामाचे वर्ग, शरणपूर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प इथे एक पानी अर्ज फिरला. रकाने चारच: कोणी, कोणत्या साली, नेमके काय केले, आणि हे आणखी कोणाला ठाऊक आहे. चौथा रकाना सगळ्यात उपयोगी पडला. एकमेकांशी नाते किंवा संस्थेचा संबंध नसलेल्या दोघांनी सांगितल्याशिवाय नाव पुढे सरकवायचे नाही, असा नियम केला.

त्यानंतर शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात दाखला दिल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण हे दोन रकाने असतात. कारणाच्या रकान्यात ‘घरकाम’, ‘लग्न’, ‘गावी गेले’ असे लिहिलेले असते आणि काही नावांपुढे तोच विद्यार्थी पुन्हा दाखल झाल्याची नवी नोंद सापडते. ही दुसरी नोंद म्हणजे कोणीतरी त्या घराचे दार वाजवल्याची खूण. एका उर्दू शाळेतल्या सरांनी चाळीस मुली परत आणल्या असे वस्तीत सगळे सांगत होते. रजिस्टरमध्ये अकरा सापडल्या. सरांना विचारले तर त्यांनीही अकराच सांगितल्या. मानपत्रात अकरा हाच आकडा गेला, आणि समितीतल्या एकाला तो फार लहान वाटत होता तरी तो वाढवला नाही. ही सगळी तपासणी सहा आठवडे चालली. चार आठवड्यांत उरकेल असे धरले होते. शाळा रजिस्टर हातात देत नाहीत, आणि त्यांचे तसे वागणे बरोबरच आहे; मुख्याध्यापकांसमोर बसून, फक्त आकडे टिपून घ्यावे लागतात.

मुरब्बा म्हणजे चौरस

अर्जांत एका आपांच्या वहीचा उल्लेख तिघींनी केला होता. उर्दू शाळांत शिक्षिकेला मुले ‘आपा’ म्हणतात. महापालिकेच्या प्राथमिक शाळा सातवी-आठवीला संपतात. त्यापुढची उर्दू माध्यमाची शाळा लांब असली तर घरचे मुलीला पाठवत नाहीत. जवळच्या मराठी शाळेत घातले तर मुलगी पहिल्या सहामाहीतच मागे पडते. अभ्यास तिला येत असतो, अडतो तो शब्दांपाशी. उर्दू पुस्तकात त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला ज़ाविया, वर्तुळाला दायरा, अपूर्णांकाला कस्र, गुणाकाराला ज़र्ब म्हणतात. चौरसाला मुरब्बा. नवीन वर्गात मुलगी फळ्यापाशी जाऊन मुरब्बा म्हणाली की अख्खा वर्ग आवळ्याच्या बरणीला हसतो, आणि ती पुन्हा फळ्यापाशी जात नाही.

आपांनी दोनशे पानी वहीत तीन उभ्या ओळी आखल्या होत्या: उजवीकडे उर्दू शब्द, मध्ये आकृती किंवा चिन्ह, डावीकडे मराठी. मधला रकाना मुद्दाम ठेवलेला, कारण उर्दू उजवीकडून वाचत येते, मराठी डावीकडून, आणि नजर दोन्ही बाजूंनी चित्रापाशीच येऊन थांबते. आठवीत जाणारी प्रत्येक मुलगी मे महिन्यात ही वही स्वतःच्या हाताने उतरवून घेई. उतरवता उतरवता निम्मे शब्द पाठ होत.

समितीने या वहीच्या झेरॉक्स काढून दोन मराठी शाळांना द्यायचे ठरवले. आमच्या मते अख्ख्या कार्यक्रमात याच्याइतके कामाचे दुसरे काही झाले नाही, आणि ठरले ते अपघातानेच.

फलकावरचा शब्द

फ्लेक्सवर ‘अल्पसंख्याक शिक्षकांचा भव्य सन्मान सोहळा’ असे छापायचे ठरले आणि त्याची प्रत सगळ्यांना व्हॉट्सॲपवर गेली. दुसऱ्याच दिवशी गणिताच्या एका मॅडमनी नकार कळवला. आपण तीस वर्षे शिकवले ते गणित सगळ्यांचेच होते, सत्कार धर्माचा असेल तर आपल्याला नको, असा त्यांच्या निरोपाचा आशय होता.

गोंधळ तिथे थांबला नाही. १९९२च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली १९९३ मध्ये मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी हे पाच समाज अधिसूचित झाले आणि २०१४ मध्ये जैन. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंनाही अल्पसंख्याक दर्जा दिला. जैन गुरुजींचे नाव येताच एकाने विचारले की त्यांना काय कमी आहे? बौद्ध सरांचे म्हणणे वेगळे होते. काळारामाचा सत्याग्रह १९३० चा, येवल्याची घोषणा १९३५ ची. या जिल्ह्यात बौद्ध शिक्षकाकडे बघताना तो इतिहास सोडून नुसते अल्पसंख्याक म्हणणे त्यांना अपुरे वाटत होते. देवळाली कॅम्पातल्या सिंधी शिक्षिका तर धर्माच्या व्याख्येत बसतच नव्हत्या. त्यांचा समाज भाषेने अल्पसंख्य, आणि घटनेच्या ३०व्या अनुच्छेदाला भाषा आणि धर्म दोन्ही चालतात.

दोन बैठका यातच गेल्या. तोडगा निघाला तो असा, की निवडीचा निकष समितीच्या कागदावर राहू द्यायचा, फलकावर फक्त ‘आमचे शिक्षक’ लिहायचे, आणि खाली नऊ नावे व प्रत्येकापुढे वस्ती किंवा शाळेचा भाग. हे पळवाट काढल्यासारखे वाटेल. पण अल्पसंख्याक हा शब्द योजना, शिष्यवृत्ती आणि हक्क यांच्या कामाचा आहे. माणसाला मंचावर बोलावताना तो त्याच्या गळ्यात पाटीसारखा लटकतो. फ्लेक्स छापण्याआधी मजकूर सत्कारमूर्तींना दाखवला म्हणून निभावले, नाहीतर मॅडमचा नकार थेट मंचावरच्या रिकाम्या खुर्चीतूनच कळला असता.

तारीख

५ सप्टेंबर सगळ्यांच्या तोंडावर होती. १९६२पासून तोच शिक्षक दिन. पण २०२५ मध्ये त्या दिवशी शुक्रवार होता आणि ईद-ए-मिलादही. दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व सुरू होते, केरळी मंडळींचा ओणम होता आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. भद्रकालीतून त्या दोन दिवसांत रिक्षा निघणेही कठीण. कॅलेंडर उघडून न बघता तारीख ठरवणारे आयोजक थोडे नाहीत.

९ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी फातिमा शेख यांची जयंती, हा दुसरा पर्याय. इथे निवृत्त मुख्याध्यापकांनी अडवले. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, तो भक्कम. जन्मतारखेला मात्र त्या काळचा कागद दाखवता येत नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये फातिमा शेख यांच्यावरूनच समाजमाध्यमांवर मोठा धुरळा उडाला होता. शिक्षकांच्या कार्यक्रमाने वादातल्या तारखेवर उभे राहू नये, हे पटले. १८ डिसेंबर हा अल्पसंख्याक हक्क दिवस. त्या दिवशी सरकारी कार्यक्रम असतात, आणि फलकावरून काढलेला शब्द मागच्या दाराने पुन्हा आत आला असता.

शेवटी पितृपक्षातला शनिवार निघाला. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे दुपारनंतर शिक्षक मोकळे. रविवारी सकाळी चर्च असते, ती अडचणही टळली. पितृपक्षात शुभकार्ये नसल्याने सभागृहे रिकामी असतात आणि भाड्यात घासाघीस करता येते. समितीतल्या दोघांनी नाके मुरडली, पण सत्कारमूर्तींपैकी कोणालाच हरकत नव्हती.

वेळ ठरवताना एकच गोष्ट धरली: सूर्यास्त. सप्टेंबरच्या मध्याला नाशकात तो साडेसहाच्या थोडा पुढे होतो. मगरिबची नमाज सूर्यास्तानंतर लगेच, आणि चौविहार पाळणाऱ्या जैनांचे खाणेपिणे त्याच्या आत संपले पाहिजे. म्हणून चार वाजता सुरुवात, पावणेसहाला नाश्ता, सव्वासहाला सभागृह रिकामे. नाश्त्याला उपमा आणि केळी. उपम्यात कांदा, बटाटा, गाजर काही नाही. वेगळी पंगत, वेगळी ताटे असा प्रकार करावा लागला नाही. कालिदास कलामंदिराचा विचार झाला होता, पण १२० माणसांना ते रिकामे दिसले असते. शालिमारपासून चालत जाता येईल असे एका शाळेचे सभागृह घेतले, कारण वडाळ्याकडच्या बायकांना परतीची बस तिथूनच सोयीची.

मानपत्र आणि त्याची छपाई

मानपत्राचा पहिला मसुदा एका हौशी कवीने केला. ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’, ‘दीपस्तंभ’, ‘पिढ्या घडवणारे शिल्पकार’ सगळे त्यात होते. समितीने एक साधी चाचणी लावली: यातले वाक्य उचलून दुसऱ्या शिक्षकाच्या मानपत्रात टाकले तर खपेल का? खपत असेल तर काढा. पहिल्या मसुद्यात फक्त नाव उरले. नव्या मसुद्याची लांबी ९० ते १२० शब्द ठेवली, कारण मोठ्याने वाचायला दीड मिनिटाच्या आत बसले पाहिजे. अकरा मुलींच्या सरांचे मानपत्र असे सुरू होते: ‘सर, आपल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये अकरा मुलींची नावे दोनदा आहेत. पहिल्यांदा त्या आईवडिलांबरोबर आल्या. दुसऱ्यांदा त्यांना आपण घेऊन आलात.’

चार जणांना मानपत्र उर्दूत हवे होते, आणि छपाईत खरी गडबड इथे झाली. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून प्रेसला पाठवला. तिथल्या ऑपरेटरने तो जुन्या कोरल ड्रॉमध्ये चिकटवला. त्या आवृत्तीला उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी पेलत नाही. अक्षरे एकमेकांपासून सुटली आणि ओळ उलट्या दिशेने लागली. ऑपरेटरला उर्दू येत नाही, त्यामुळे त्याच्या डोळ्यांना सगळे ठीकच दिसत होते. चार प्रती आर्टकार्डावर छापून झाल्या, तेव्हा एका माजी विद्यार्थिनीच्या लक्षात आले.

दुरुस्ती मालेगावात झाली. तिथे उर्दूचे डीटीपी करणारे इनपेज या सॉफ्टवेअरवर नस्तालिक, म्हणजे उर्दूचे नेहमीचे तिरके वळण, लावतात. त्यांनी अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार करून, पीडीएफ दिली, म्हणजे प्रेसच्या संगणकात तो फाँट नसला तरी अक्षर हलत नाही. प्रेसला बजावायचे एवढेच, की पुन्हा टाइप करू नका, फाइल आहे तशी छापा. नस्तालिक तिरके उतरत जाते, म्हणून देवनागरीचे ओळींमधले अंतर तिला पुरत नाही. कमी ठेवले तर वरच्या ओळीचे नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, खालच्या ओळीच्या अक्षरांवर बसतात आणि शब्द बदलतो. आणि तपासणी छापलेल्या कागदावर, उर्दू वाचणाऱ्यानेच करायची. स्क्रीनवर केलेली तपासणी धरायची नाही.

ॲक्रिलिकचे सन्मानचिन्ह याच कारणासाठी रद्द केले. त्यावर मागच्या बाजूने कोरतात, म्हणजे मजकूर आरशातल्यासारखा उलटा घालावा लागतो. न येणारी लिपी उलटी आहे की सुलटी, हे कोरणाऱ्याला कळणार कसे?

नावांसाठी वेगळा कागद केला. प्रत्येकाने स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने, हव्या त्या लिपीत लिहून द्यायचे. आधार कार्डावरचे शुद्धलेखन निवृत्तिवेतनाच्या पुस्तकात नसते, आणि माणूस सही तिसरीच करतो. सिस्टरांचे धर्मसंघातले नाव आणि सेवापुस्तकातले नाव वेगळे निघाले. त्यांनी दोन्ही लिहून दिली आणि कोणते छापायचे तेही सांगितले.

नोकरीत असलेल्या तिघांना शाळेमार्फत वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यायला सांगितले. सार्वजनिक मानपत्र आणि भेटी स्वीकारण्यावर वर्तणूक नियमांची बंधने असतात, आणि उगाच एखाद्या तक्रारीने सत्काराचे स्पष्टीकरण द्यायची वेळ येऊ नये. परवानगीला तीन आठवडे धरा.

मंचावर

नारळाने सगळ्यात जास्त डोके खाल्ले. मुस्लीम आणि ख्रिस्ती शिक्षकांना नारळ चालणार नाही असे समितीने परस्पर ठरवून टाकले: त्यांना पुस्तके, बाकीच्यांना शाल-श्रीफळ. रंगीत तालमीला आलेल्या एका उर्दू शिक्षकांनी ते टेबल पाहिले आणि विचारले, माझाच नारळ का कापला? नारळ त्यांच्या घरी रोज फुटतो. अडचण नारळाची नव्हतीच. कुंकू लावणे आणि ओवाळणे एवढेच त्यांना नको होते. धर्म बघून टेबलावर दोन ढीग लावणे हे कुंकवापेक्षा जास्त बोचले असते. मग नऊही जणांसाठी तेच ठरवले: शाल, पुस्तके आणि मानपत्र. नारळ सगळ्यांचाच गेला.

त्या तालमीनंतर प्रत्येकाला फोन करून पाच गोष्टी विचारल्या: शाल अंगावर की हातात, कोणाच्या हस्ते, फोटो चालेल का, खाण्यात काय वर्ज्य, आणि मंचावर काय म्हणून हाक मारायची. सर, आपा, सिस्टर, गुरुजी, सूत्रसंचालकाच्या कागदावर प्रत्येकाची हाक लिहिलेली होती. हे पाच प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारले असते तर दोन बैठका वाचल्या असत्या.

दीपप्रज्वलनाऐवजी शाळेची घंटा वाजवली. जुन्या शाळेत टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा आणि हातोडी आणली; सगळ्यात वयस्कर शिक्षकांनी तीन टोल दिले. ईशस्तवनाला कोणते, या वादालाही त्यातून सुट्टी मिळाली.

प्रास्ताविक पाच मिनिटांचे, आणि सलोख्यावर भाषण करायचे नाही असे वक्त्यांना आधीच सांगितले होते. त्यांनी शरणपूर सांगितले. रोज ज्या शरणपूर रोडवर वाहतूक तुंबते, तिथे एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनची वसाहत होती, आणि गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे शिकवत. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनालाही हजर होता. सभागृहातल्या निम्म्या लोकांना हे नवीन होते.

प्रत्येक शिक्षकाबद्दल एका माजी विद्यार्थ्याने तीन मिनिटे बोलायचे होते. नऊपैकी सहा जण पाच मिनिटांवर गेले. मधे एक इच्छुक आलेच. त्यांना पहिल्या रांगेत बसवले, पण माइक दिला नाही. नाश्ता सहा वाजता लागला. पंधरा मिनिटांचा उशीर, तरी सूर्यास्ताच्या आत.

हिशेब

एका शिक्षकामागे २,४०० रुपये आले: शाल ४००, मानपत्राची छपाई आणि फ्रेम ७००, पुस्तके ८००, घरून ने-आण ५००. नऊ जणांचे २१,६००. सभागृह ६,०००, नाश्ता माणशी ६० प्रमाणे ७,२००, ध्वनी आणि छायाचित्रे ५,०००, फलक, निमंत्रणे आणि झेरॉक्स २,५००. एकूण ४२,३००. बिघडलेल्या चार उर्दू प्रती प्रेसवाल्यांनी आपल्या खात्यावर घेतल्या. फ्रेमपेक्षा ने-आणीवर जास्त खर्च करायला हवा होता. सत्तरी ओलांडलेल्या दोन सत्कारमूर्तींना परतताना अर्धा तास रिक्षाची वाट बघावी लागली.

गणिताच्या मॅडम फलक बदलल्यावरही आल्या नाहीत. त्यांचे मानपत्र घेऊन दोन माजी विद्यार्थिनी सोमवारी शाळेत गेल्या. त्यांनी ते वाचले, कपाटात ठेवले आणि सांगितले, काही करायचेच असेल तर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी जूनपासून तुटलेली आहे, आत गेलेल्या मुलीसाठी दुसरीला बाहेर दार धरून उभे राहावे लागते. मंगळवारी कारागीर जाऊन कडी बसवून आला. मजुरीसकट ३८० रुपये झाले. हिशेबाच्या कागदावर ते ‘इतर’मध्ये धरले आहेत, त्यामुळे अंतिम आकडा ४२,६८०.